पिस्तूल हलकं, मग गोळी कोणती?

टेक्ससमधल्या केटीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

"ताई, नमस्कार. वय ५८, ग्रीन कार्डावर आहे. आठ महिने दर शनिवारी रेंजवर भाड्याच्या पिस्तुलानं नेमबाजी शिकतोय, आता स्वतःचं घ्यायचं ठरवलंय. कमांडर घाटाचं (आखूड नळीचं), ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं, म्हणजे सांगाड्याचं, पिस्तूल दुकानात हातात घेतलं आणि खालीच ठेववेना. दुकानात अशी दोन आहेत. एक .४५ चं, वापरलेलं, बरंच स्वस्त. दुसरं ९ मिमीचं, नवं कोरं. दुकानदार म्हणतो पुरुषाच्या हातात .४५ च शोभतं. मुलगा म्हणतो ९ मिमी. मित्राकडे .४० आहे, तो म्हणतो सुवर्णमध्य घे. माझ्या वडिलांकडे सांगलीजवळच्या मळ्यात परवान्याचं .३२ होतं. त्यांनी त्यावर उभं आयुष्य काढलं, मग मी तेच का घेऊ नये? त्या .३२ च्या काडतुसाची एक पुंगळी अजून माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. बायकोही शिकते आहे, तिच्या उजव्या मनगटात संधिवात आहे. वापर म्हणाल तर शनिवारची रेंज, आणि घरात असावं म्हणून. डिसेंबरात गावी जाणार आहोत, त्याआधी घेऊन टाकावं असा विचार आहे. कोणतं घेऊ?"

नमस्कार.

९ मिमी घ्या. मुलगा बरोबर सांगतोय. (.४५, .४०, .३२ हे गोळीच्या जाडीचे इंचांतले आकडे, ९ मिमी मिलिमीटरमधला. यालाच कॅलिबर किंवा बोअर म्हणतात.) पण "मुलगा म्हणाला म्हणून" एवढ्यावर तुम्ही थांबणार नाही, हे पत्रावरून कळतंय, तेव्हा कारणांत शिरू या.

त्याआधी एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी. हे गृहस्थ ग्रीन कार्डावर आहेत, म्हणून हा प्रश्न उद्भवतो. एच-वन व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. वैध शिकारी परवाना असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर काही करण्याआधी वकिलाला विचारा. "मित्राच्या नावावर घेतो, ठेवतो माझ्याकडे" हा तर सरळ गुन्हा. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर पहिल्यांदा विचारतात तेच हे, की खरा खरेदीदार तुम्हीच का.

आता दुकानदाराकडे वळू. मीही ते वाक्य ऐकलेलं आहे, फक्त बाईला म्हणून उलटं फिरवलेलं. १९९८ साली ह्यूस्टनमधल्या एका दुकानात मला सांगितलं गेलं, "तुम्हाला वजन झेपणार नाही, हे हलकं घ्या, आणि एकच शस्त्र ठेवायचं तर ताकदीचं ठेवा." असं म्हणून हलक्या फ्रेमचं .४५ माझ्या हातात दिलं. मी धातुशास्त्र शिकलेली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चार वर्षं घासलेली, इथे तेलाच्या पाइपांना तडे का जातात हे बघण्यावर पोट भरणारी. तरी मला त्या क्षणी न्यूटन आठवला नाही! हलकं म्हणजे सोपं, हे इतकं पटलेलं होतं डोक्यात.

हलकं पिस्तूल सोपं असतं ते कमरेला लावून दिवसभर हिंडायला. उडवायला ते जास्त अवघड असतं. तुम्ही हिंडणार नाही, शनिवारी गाडीच्या डिकीतून रेंजवर नेणार आणि परत आणून कपाटात ठेवणार. म्हणजे हलकेपणाचा फायदा तुम्हाला फारसा मिळायचा नाही, तोटा मात्र प्रत्येक गोळीला भोगायचा. पण पिस्तूल आवडलंय, हातात बसलंय, आणि आवडलेल्या वस्तूबरोबर माणूस सराव करतो. म्हणून ते घेऊच नका असं मी म्हणत नाही. हलकी फ्रेम तुम्ही पसंत केलीत तिथेच गोळीचा निम्मा निकाल लागला, एवढंच म्हणते.

हिशेब करू. ९ मिमीची नेहमीची १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळी तोलायचं माप) गोळी म्हणजे साधारण ८ ग्रॅम, नळीतून निघते सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. .४५ ची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम, पण सावकाश, २६० मीटरनं. .४० ची १८० ग्रेनची, पावणेबारा ग्रॅमची, वेग ३०० च्या जरा वर. (कमांडरची नळी सव्वाचार इंचांची, त्यामुळे प्रत्यक्षात सगळेच आकडे थोडे खाली येतील, तुलना तीच राहील.) यांची ऊर्जा काढली तर ९ मिमी आणि .४५ दोन्ही पाचशे ज्यूलच्या घरात, .४० किंचित वर. म्हणजे डब्यावर छापलेल्या ऊर्जेकडे बघून निवड करणारा माणूस आहे तिथेच घुटमळतो.

हाताला आणि फ्रेमला ऊर्जा कळत नाही, संवेग कळतो. वस्तुमान गुणिले वेग, दहावीचं पुस्तक. ९ मिमी २.८, .४० चा ३.५, .४५ चा ३.९. आता हा धक्का पाऊण किलोच्या पिस्तुलाला बसतो. दारूच्या वायूचा वाटा बाजूला ठेवला तरी .४५ उडवताना पिस्तूल मागे सेकंदाला पाच मीटरच्या वर वेगानं येतं, ९ मिमी उडवताना पावणेचारच्या आसपास. मनगटाला जी धक्क्याची ऊर्जा गिळावी लागते ती वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे .४५ चा धक्का ९ मिमीच्या जवळजवळ दुप्पट पडतो. आणि गंमत अशी की तेच .४५ तुम्ही पोलादी फ्रेमच्या, किलोभर वजनाच्या पिस्तुलातून उडवलंत तर त्याचा मागे येण्याचा वेग चारच्या खाली उतरतो. हलक्या फ्रेमचं ९ मिमी आणि पोलादी फ्रेमचं .४५ हाताला साधारण शेजारी-शेजारी वाटतात ते यामुळे.

तुमच्या दुकानदाराला ठाऊक असेल-नसेल, या घाटाचा जन्मच ९ मिमीच्या मागणीतून झाला आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराला आपल्या '१९११' नावाच्या जड पिस्तुलाच्या जागी अधिकाऱ्यांसाठी आखूड, हलकं पिस्तूल हवं होतं, आणि त्यांनी मागितलं होतं ९ मिमीचं. कोल्टनं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्रेम वापरून कमांडर तयार केलं. लष्करानं पुढे तो विषयच गुंडाळून ठेवला. कंपनीनं १९५० च्या सुमारास तेच पिस्तूल बाजारात आणलं, तीन कॅलिबरांत: ९ मिमी, .३८ सुपर आणि .४५. अमेरिकन गिऱ्हाइकाचा जीव .४५ वर, म्हणून तेच जास्त गाजलं. त्याच खटपटीतून स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३९ निघालं, तेही हलक्या फ्रेमचं, आणि ते ९ मिमीचंच. १९६७ मध्ये इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी ते घेतलं. १९८५ साली लष्करानं अखेर १९११ ला निरोप देऊन बेरेटा घेतलं तेव्हा तेसुद्धा ॲल्युमिनियमची फ्रेम आणि ९ मिमी याच जोडीचं होतं. आणि कोल्टनं १९७० मध्ये कमांडरला पोलादी भाऊ दिला. ज्यांना .४५ भरपूर उडवायचं होतं अशांना तो जास्त मानवतो, एवढं मी माझ्या अनुभवानं सांगते.

आता माझ्या आवडीचा भाग. इथे जरा रेंगाळणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

आजच्या बऱ्याच चांगल्या हलक्या फ्रेमा ७०७५ नावाच्या मिश्रधातूच्या असतात. ॲल्युमिनियममध्ये मुख्यतः जस्त, शिवाय मॅग्नेशियम आणि तांबं. हा मिश्रधातू जपानमध्ये सुमितोमो कंपनीनं १९३० च्या दशकात गुपचूप तयार केला. तोच पुढे झिरो या लढाऊ विमानांत गेला. युद्धात हाती लागलेल्या जपानी विमानाचे तुकडे तपासून अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीनं १९४३ मध्ये तसाच काढला. वजन पोलादाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त, ताकद साध्या पोलादाला लाजवणारी. विमानाला हवं ते सगळं.

पण एक खोड आहे. पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते. तिच्याखालचा ताण कितीही वेळा द्या, लाखो वेळा द्या, ते खपवून घेतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ते प्रत्येक धक्क्याची नोंद ठेवतं. लहान धक्का असेल तर नोंद बारीक, मोठा असेल तर ठळक, पण खातं चालूच. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, प्रत्येक गोळीमागे मागे येऊन फ्रेमवर आदळते. कमांडरची स्लाइड आखूड, म्हणजे हलकी, म्हणजे त्याच गोळीला जास्त वेगानं मागे येणारी. ती आवरायला .४५ मध्ये साधारण १८ पौंडांची स्प्रिंग घालतात, ९ मिमीत १४ च्या आसपास पुरते. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा, वहिनींच्या मनगटाचा विषय निघेल तेव्हा लागतील.

याचा अर्थ हलक्या फ्रेमचं .४५ उद्या तुटेल असा नाही. स्प्रिंग वेळच्या वेळी, दर दोन-तीन हजार गोळ्यांना बदलली तर ते तुमच्या-माझ्या आयुष्याला पुरेल. पण "स्प्रिंग बदलायची असते" हेच बहुतेकांना माहीत नसतं, आणि वापरलेलं पिस्तूल विकणाऱ्याला तर मुळीच नसतं.

.४० चं काय, तर मित्राला म्हणावं तुझं तुला लखलाभ. ऐका त्याची जन्मकथा. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला लागलेली ९ मिमीची गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. खापर फुटलं गोळीवर. एफबीआयनं १० मिमी धरलं, ते फार धटिंगण निघालं, मग त्यातली दारू कमी केली, आणि एवढी कमी दारू भरायची तर पुंगळी तरी लांब कशाला म्हणून ती आखूड करून १९९० मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टरनं .४० बाजारात आणलं. देशभरच्या पोलिसांनी ते उचललं. दरम्यान ९ मिमीच्या गोळ्याच सुधारल्या. जेलीच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरायला हवं, ही एफबीआयची कसोटी त्या आरामात पास व्हायला लागल्या. आणि २०१४ नंतर एफबीआय स्वतःच ९ मिमीवर परतली. एजंट त्यावर जास्त वेगानं आणि जास्त नेमकं मारतात, हे त्यामागचं एक कारण. अठ्ठावीस-तीस वर्षांचा वळसा घालून माणसं निघालेल्या ठिकाणी पोचली.

.४० चा कमाल दाब ९ मिमीइतकाच, ३५,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला इतके पौंड. (.४५ चा २१,००० च, म्हणून ते "ढकलतं" आणि .४० "झटका देतं" असं रेंजवर म्हणतात, ते अगदी खोटं नाही.) दाब तेवढाच आणि गोळी जड, म्हणजे स्लाइड जोरात धावणार. सिग कंपनीनं आपल्या हलक्या फ्रेमच्या पी-२२८ ला .४० घालायचं ठरवलं तेव्हा नुसती नळी बदलून भागलं नाही. स्टेनलेस पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेली जड स्लाइड बसवावी लागली आणि त्याचं वेगळं पी-२२९ झालं. कारखान्याला जे जड करावं लागलं ते तुम्ही आखूड, हलक्या कमांडरमध्ये कशाला मागता?

बाबांच्या .३२ वर मी लिहिणार नव्हते, पण पुंगळीचा उल्लेख वाचला आणि राहवलं नाही. जुडगा काढा आणि पुंगळीच्या बुडाकडे बघा. बहुधा तिथे इंग्रजीत "केएफ" अशी अक्षरं ठोकलेली दिसतील. ती आमच्या खडकीची. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. मी शिवाजीनगरला शिकत असताना आमच्या वर्गातल्या दोघांचे वडील तिथे नोकरीला होते, आणि ते बापाला विचारून पितळेचे नमुने आणायचे. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. ओढून इतकं पातळ केलं तरी फाटत नाही, आणि गोळी उडाली की क्षणभर फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या काडतूस बसायच्या भागाला, घट्ट बसतं, मग पुन्हा आक्रसून सुटतं. तुमच्या जुडग्यातल्या पुंगळीच्या कडेवर काजळीचा जो पट्टा असेल तो एकाच बाजूला जास्त गडद दिसेल. बाबांच्या पिस्तुलाचा चेंबर त्या बाजूला जरा सैल होता असं मी त्यावरून म्हणेन. चुकलं तर माफ करा, सवय जात नाही.

पण बाबांनी .३२ "निवडलं" होतं असं समजू नका. भारतात ९ मिमी, .३८, .४५ हे बोअर निषिद्ध. लष्कर-पोलिसांच्या शस्त्रांत चालणारी काडतुसं सामान्य माणसाच्या हाती नकोत, हा त्यामागचा इंग्रजांच्या काळापासूनचा विचार. जिल्हाधिकाऱ्याकडून किंवा पोलीस आयुक्तांकडून मिळणाऱ्या साध्या परवान्यावर शेतकऱ्याला पिस्तूल घ्यायचं तर .३२ हाच काय तो धोपटमार्ग. म्हणजे बाबांचा बोअर कायद्यानं ठरवलेला होता. इथे तुम्हाला तशी अडचण नाही, पण दुसऱ्या आहेत: .३२ चं काडतूस इथे ९ मिमीहून महाग पडतं, प्रत्येक दुकानात नसतं, त्याची ऊर्जा ९ मिमीच्या निम्म्याहूनही कमी, आणि तुम्हाला आवडलेला घाट त्यात मिळत नाही. आठवण म्हणून पुंगळी आहे, ती असू द्या.

आता वहिनी. खरं तर मी इथून सुरुवात करायला हवी होती, कारण घरात दोघांसाठी एकच पिस्तूल ठेवणार असाल तर कॅलिबर दोघांतल्या दुखऱ्या मनगटानं ठरवायचं असतं.

दोन गोष्टी होतात. पहिली स्लाइड ओढण्याची. १८ पौंडांची स्प्रिंग संधिवाताच्या हातानं ओढणं म्हणजे दर शनिवारी शिक्षा. १४ ची ओढता येते, आणि एक युक्ती आहे: आधी अंगठ्यानं घोडा मागे चढवून ठेवायचा, मग स्लाइड ओढायची. घोड्याच्या स्प्रिंगचा विरोध तेवढा कमी होतो. नळीचं तोंड समोर, बोट चापाबाहेर, हे सांगायला नकोच, तरी सांगते. दुसरी गोष्ट अनेकांना कळत नाही. स्लाइड पूर्ण मागे जायला फ्रेम जागेवर राहावी लागते. पोलादी फ्रेम स्वतःच्या वजनानं बरीचशी राहते. हलकी फ्रेम ढिल्या मनगटात असेल तर तीही स्लाइडबरोबर मागे पळते, स्लाइडला पुरेसं अंतर मिळत नाही, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. वहिनींना वाटेल पिस्तूल बिघडलं, रेंजवरचा पोऱ्या म्हणेल "बाईंचं मनगट कच्चं". दोन्ही अर्धवट. धक्का कमी तर मनगट घट्ट धरणं सोपं, म्हणून इथेही ९ मिमीच.

कुणी वहिनींसाठी .३८० सुचवेल, "बायकांचं" म्हणून. त्यात अडकू नका. .३८० ची बरीच लहान पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, सगळा भार स्लाइडच्या वजनावर आणि ताठ स्प्रिंगवर. ओढायला जड आणि हाताला कचकन लागणारी. काडतूस लहान म्हणजे धक्का लहान, असं सरसकट नसतं.

माझ्या त्या .४५ चं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या गोळ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जायला लागल्या. मी साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, बदलल्या. मग मूठ बदलली. पैसे गेले, गोळ्या तिथेच. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी मॅगझिन मागून घेतली, पाठमोरे होऊन भरली आणि परत दिली. तीन गोळ्या उडाल्या. चौथ्या वेळी चाप दाबला आणि नुसतं "खट". त्यांनी मधे एक नकली काडतूस घातलं होतं. धक्का नव्हताच, तरी नळीचं टोक चांगलं दोन इंच खाली गेलं. मीच धक्क्याच्या आधी त्याला उत्तर देत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मिशीत हसले. ती सवय मोडायला मला .२२ च्या पिस्तुलावर एक अख्खा हिवाळा घालवावा लागला. आठ महिन्यांत तुम्हालाही ती लागली असेल-नसेल. मुलाला सांगा, नकली काडतुसांचं पाकीट दहा-पंधरा डॉलरला मिळतं, त्यानं भरून द्यावं, तुम्ही बघू नये.

आणि त्याच पिस्तुलाची दुसरी खोड मला धातुशास्त्रज्ञ असूनही वर्षभरानं दिसली. १९११ च्या जुन्या रचनेत काडतूस मॅगझिनमधून नळीत चढतं ती चढण, फीड रॅम्प, फ्रेममध्येच कोरलेली असते. पोलादी फ्रेमला फरक पडत नाही. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र काळ्या ॲनोडाइझच्या कडक थराखाली मऊ धातू असतो. पोकळ टोकाच्या गोळ्यांच्या कडा, आणि त्याहून जास्त, काही मॅगझिनमधल्या पत्र्याच्या फॉलोअरचं (काडतुसं वर ढकलणाऱ्या पट्टीचं) टोक तिथे आपटून खळी पाडतं. माझ्या रॅम्पवर तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत चांदणी पडली होती. मग काडतुसं तिथे अडखळायला लागली. ९ मिमीच्या आजच्या बहुतेक १९११ घाटाच्या पिस्तुलांत ही चढण नळीच्याच पोलादाचा भाग असते, त्यामुळे हा प्रश्न मुळातच निकालात निघतो. तुमच्या दुकानातल्या नव्या ९ मिमीची स्लाइड उघडून खात्री करून घ्या. रॅम्प रुपेरी आणि नळीला जोडलेला दिसला पाहिजे.

तरीही ते वापरलेलं .४५ स्वस्त आहे म्हणून मन ओढ घेत असेल (घेणारच, आपण मराठी माणसं), तर निदान दुकानदाराला ते उघडायला लावा आणि खिशातलं भिंग काढा. चढणीवर काळ्याच्या मधे चांदी दिसली तर ठेवून द्या. स्लाइड-स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खिट्टीच्या) भोकाच्या आसपास आणि फ्रेमच्या पुढच्या पातळ ओठावर केसाएवढी रेघ दिसली तरी ठेवून द्या. "पॉलिश मारून देतो" म्हणाला तर तिथून निघाच. उरलासुरला कडक थर पॉलिशनं जातो आणि खाली लोणी उरतं. आणि स्वस्ताईचा हिशेब काडतुसांनिशी करा. .४५ चा पन्नासाचा डबा साधारणपणे ९ मिमीच्या दीडपट ते पावणेदोनपट पडतो. दोघं मिळून शनिवारी शंभर-शंभर गोळ्या उडवणार असाल तर पिस्तुलात वाचवलेले पैसे दिवाळीच्या आत रेंजवर जातील.

.४५ चा सोस पुरा करायचाच असेल तर दोन-तीन वर्षांनी पोलादी फ्रेमचं, पूर्ण पाच इंची नळीचं घ्या. मीही शेवटी तेच केलं. ते जड आहे, कपाटातून काढताना मनगट कुरकुरतं, पण शंभर गोळ्यांनंतरही मी हसत असते.

घरात असावं म्हणून, असं जे तुम्ही सहज लिहिलंत, त्यापायी पिस्तुलाबरोबर त्याच दिवशी तिजोरी घ्या. बोटांनी चटकन उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला पक्की केलेली. उन्हाळ्यात नातवंडं येत असतील, आणि चार वर्षांच्या मुलाला कपाटातला सगळ्यात वरचा कप्पा कुठे आहे ते बरोबर माहीत असतं.

डिसेंबराचं मात्र वेगळं सांगते, कारण यात आपली माणसं दरवर्षी अडकतात. रेंजला नेता ती बॅग प्रवासाला वापरू नका. बाजूच्या कप्प्यात, शिवणीत, चष्म्याच्या डबीत एखादं जिवंत काडतूस राहून जातं, इथल्या विमानतळावर निसटतं आणि परतीच्या वेळी मुंबईला क्ष-किरणांत दिसतं. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा, पोलीस ठाणं, जामीन. मुद्दाम बाळगलं नव्हतं म्हणून असे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केलेले आहेत, पण तिथवर पोचेपर्यंत तुमची सुट्टी, परतीचं तिकीट आणि झोप, तिन्ही गेलेली असतात. तेव्हा सांगलीला निघताना किल्ल्यांचा जुडगाही केटीलाच ठेवा. पुंगळी रिकामी आहे हे तुम्हाला माहीत आहे, यंत्रासमोर बसलेल्या जवानाला ते कळायला तासभर लागेल.